पडद्यापासून कागदापर्यंत : छायाचित्रणातील रंगमापन साधनांचा आढावा

अंकीय छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष रंग नसतो, तर प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांचे तीन आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ प्रत्येक मॉनिटर व प्रत्येक प्रिंटर आपापल्या घडणीप्रमाणे लावतो. अकोल्यातील जठारपेठेसारख्या वस्तीतल्या एखाद्या लहान स्टुडिओत तयार होणारा लग्नाचा अल्बम उदाहरणादाखल घेतला, तर तेच छायाचित्र आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, मग संगणकावर, नंतर ग्राहकाच्या मोबाइलवर आणि अखेरीस लॅबमधून छापून आलेल्या पानावर पाहिले जाते, आणि या चारही ठिकाणी हळदीचा पिवळा, शालूचा लाल आणि चेहऱ्यांचा गव्हाळ वर्ण थोडाफार बदललेला असतो. हा बदल पूर्णपणे टाळता येत नसला, तरी तो मोजता येतो आणि मोजल्यावर आवाक्यात ठेवता येतो. त्यासाठी लागणारी उपकरणे आता सर्वसामान्य व्यावसायिकाला परवडू लागली आहेत. त्यांची निवड मात्र पुष्कळदा जाहिरातीतील वैशिष्ट्यांच्या यादीवरून केली जाते. प्रस्तुत लेखात या साधनांचे कार्य, त्यांच्या मर्यादा आणि वऱ्हाडातील कामाची परिस्थिती यांचा एकत्र विचार केला असून, छायाचित्र शेवटी ज्या पृष्ठभागावर पोचणार आहे तेथून मागे येत साधन निवडावे, असे प्रतिपादन केले आहे.

रंगमापनाची पूर्वपीठिका

रंग डोळ्याने न ठरवता आकड्यांनी ठरवण्याची कल्पना कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला अपरिचित नाही. रुईची प्रत ठरवताना पूर्वी जाणत्या माणसाच्या नजरेवर भिस्त असे. आधुनिक चाचणीयंत्रात मात्र रुईचा रंग दोन आकड्यांत नोंदवला जातो, एक तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची टक्केवारी सांगणारा आणि दुसरा तिच्यातील पिवळेपणाचा. या पद्धतीचा पाया डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर या अमेरिकी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कापसासाठी तयार केलेल्या रंगमापकाने घातला. पावसात भिजलेल्या आणि न भिजलेल्या रुईतील फरक सरावलेल्या नजरेलाही दिवसाच्या वेळेनुसार वेगळा भासू शकतो, यंत्राला तो तसा भासत नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे, आणि छायाचित्रकाराच्या टेबलावरचे उपकरण याच तत्त्वावर उभे आहे.

छपाईच्या बाजूनेही महाराष्ट्राला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्याला ठसे तयार करण्याचा आणि छपाईचा व्यवसाय करीत होते आणि रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीला गेले होते. त्या काळच्या तिरंगी छपाईत एका चित्राचे रंगगाळण्यांतून तीन स्वतंत्र ठसे केले जात आणि पिवळी, लाल व निळी शाई एकावर एक छापून मूळ रंग साधला जाई. शाईचा थर किंचित जाड झाला किंवा कागद बदलला तरी चित्राचा तोल बिघडे, आणि तो सावरण्याची जबाबदारी सर्वस्वी कारागिराच्या अनुभवावर असे.

अनुभवाच्या जागी मोजमाप आणणारी पहिली जागतिक चौकट १९३१ साली तयार झाली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने, सर्वसाधारण मानवी डोळा वेगवेगळ्या तरंगलांबींना कसा प्रतिसाद देतो याचे प्रयोग आधारभूत धरून, कोणताही रंग तीन संख्यांत सांगण्याची रीत प्रमाण मानली. १९७६ साली याच आयोगाने लॅब नावाची रंगपद्धती स्वीकारली. तिच्यात एक संख्या उजळपणा दाखवते, दुसरी हिरव्यापासून लालपर्यंतचा आणि तिसरी निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा कल दाखवते. या पद्धतीत दोन रंगांमधील अंतराला डेल्टा ई म्हणतात. हे अंतर एकच्या आसपास असेल तर शेजारी ठेवलेल्या दोन छटा सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम वेगळ्या ओळखता येतात. पुढे १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, आग्फा, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम ही संस्था स्थापन करून प्रोफाइलचे सामाईक स्वरूप ठरवले. प्रोफाइल म्हणजे एखादे विशिष्ट यंत्र कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवते याची नोंद असलेली छोटी फाइल होय.

येथे दोन क्रिया वेगळ्या समजून घेणे आवश्यक आहे. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला ठरावीक स्थितीत आणणे, उदाहरणार्थ मॉनिटरची प्रकाशमानता आणि पांढरेपणा निश्चित करणे; प्रोफाइलिंग म्हणजे त्या स्थितीतील यंत्राचे वर्णन नोंदवून ठेवणे. पहिली क्रिया यंत्र बदलते, दुसरी फक्त त्याचे वर्तन सांगते, आणि मॉनिटरच्या बाबतीत दोन्ही क्रिया एकाच बैठकीत होत असल्यामुळे त्या एकच असल्याचा समज पसरला आहे. प्रिंटरच्या बाबतीत मात्र बहुतेक घरगुती व स्टुडिओ यंत्रांत बदलण्यासारखे फारसे काही नसते आणि मुख्य काम प्रोफाइलिंगचेच असते.

मॉनिटरसाठी उपकरणे

मॉनिटर मोजणारे सर्वांत प्रचलित उपकरण म्हणजे कलरिमीटर. पडद्याला टेकवून ठेवलेल्या या उपकरणात मानवी डोळ्याच्या प्रतिसादाशी जुळणाऱ्या रंगगाळण्या असतात आणि त्यांच्यामागील संवेदक पडद्यावरील प्रत्येक छटेचा प्रकाश मोजतात. गडद छटांत ते जलद आणि स्थिर आकडे देते, हा त्याचा मोठा गुण आहे. त्याची मर्यादा अशी की गाळण्यांचा डोळ्याशी असलेला मेळ कधीही परिपूर्ण नसतो आणि पडद्यामागील प्रकाशस्रोताचा प्रकार बदलला की चूकही बदलते. साधा पांढरा एलईडी, विस्तृत रंगांसाठी खास फॉस्फर वापरलेला एलईडी आणि ओलेड यांचे वर्णपट परस्परांहून भिन्न असल्याने उपकरणासोबतच्या आज्ञावलीत आपल्या मॉनिटरचा प्रकार अचूक निवडणे हे उपकरणाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

दुसरे उपकरण स्पेक्ट्रोफोटोमीटर होय. ते प्रकाशाचे तरंगलांबीनुसार विभाजन करून प्रत्येक भागाची मात्रा मोजते, त्यामुळे पडद्याच्या प्रकाराने त्याची फसगत कमी होते, आणि स्वतःचा दिवा असल्यामुळे ते कागदही मोजू शकते. परंतु अगदी काळ्या छटांत त्याच्या आकड्यांत अस्थिरता येते आणि त्याची किंमत कलरिमीटरच्या काही पट असते. म्हणून केवळ मॉनिटरसाठी ते घेण्याचे कारण नाही.

बाजारातील नावांचा घोळ दूर करण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी आहे. ग्रेटॅगमॅकबेथ ही कंपनी २००६ साली एक्स-राइटमध्ये विलीन झाली, एक्स-राइटने २०११ साली आय-वन डिस्प्ले प्रो हे प्रतिष्ठा पावलेले कलरिमीटर आणले, आणि २०२१ मध्ये या कंपनीची छायाचित्रणविषयक उत्पादने कॅलिब्राइट या नावाखाली गेली. त्यामुळे जुन्या एक्स-राइट आणि नव्या कॅलिब्राइट उपकरणांत पुष्कळदा एकच वंश आढळतो. दुसरी प्रमुख मालिका डेटाकलर कंपनीची स्पायडर ही असून तिच्यातील स्पायडर एक्स हे २०१९ सालचे मॉडेल भिंगावर आधारित संवेदकामुळे आधीच्या पिढ्यांपेक्षा बरेच वेगवान झाले. एकाच मालिकेतील स्वस्त आणि महाग प्रकारांत उपकरण सारखे आणि केवळ आज्ञावलीतील सोयी कमीजास्त, असे अनेक वेळा असते. अशा वेळी ग्रेम गिल यांची आर्गिल आणि तिच्या आधारावर फ्लोरियान ह्योख यांनी रचलेली डिस्प्लेकॅल या मोफत आज्ञावली वापरून स्वस्त प्रकारातूनही सविस्तर काम करून घेता येते. जुनी उपकरणे स्वस्तात विकत घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण पूर्वीच्या पिढीतील सेंद्रिय रंगगाळण्या उष्णता आणि दमटपणा यांनी कालांतराने विटतात.

उपकरण कोणतेही असो, लक्ष्य चुकले तर निकाल चुकतो. नव्या मॉनिटरची प्रकाशमानता कारखान्यातून येताना बहुधा प्रति चौरस मीटर २५० कँडेला किंवा त्याहून अधिक ठेवलेली असते, आणि एवढ्या झगझगीत पडद्यावर उजळपणा कमी करून पाठवलेले छायाचित्र कागदावर साहजिकच काळवंडलेले येते. प्रिंट डार्क आल्याच्या ज्या तक्रारी लॅबच्या माथी मारल्या जातात, त्यांपैकी बऱ्याच या एका कारणाने उद्भवतात. छपाईसाठी काम करताना ८० ते १२० कँडेला, समाजमाध्यमे व संकेतस्थळांसाठी ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा पांढरेपणा आणि २.२ गॅमा, म्हणजे मधल्या छटांच्या चढणीचे प्रमाण, ही लक्ष्ये सर्वसाधारणपणे स्वीकारली जातात. कागदाशी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर पांढरेपणा थोडा पिवळसर, ५००० ते ५८०० केल्व्हिनच्या दरम्यान घ्यावा लागतो. मोजण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवणे आणि साधारण महिन्याने मोजमाप पुन्हा करणे, हे नियम उपकरणाच्या दर्जाहून कमी महत्त्वाचे नाहीत.

कॅलिब्रेशनने पडद्याची मूळ कुवत वाढत नाही. कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपच्या तपशिलात ४५ टक्के एनटीएससी असा उल्लेख असतो. असा पडदा १९९६ साली ह्यूलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एसआरजीबी या किमान रंगव्याप्तीचाही साधारण दोन तृतीयांश भागच दाखवू शकतो. जो लाल पडद्याला दाखवताच येत नाही, तो प्रोफाइलमुळे प्रकट होत नाही. म्हणून अशा पडद्यावर काम करणाऱ्याने उपकरणाआधी संपूर्ण एसआरजीबी दाखवणारा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेणे हिताचे आहे. आयझो कलरएज किंवा बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेसारख्या मॉनिटरांत दुरुस्ती संगणकाच्या ग्राफिक कार्डऐवजी मॉनिटरच्या आतील तक्त्यात लिहिली जाते, त्यामुळे आकाशासारख्या संथ उतरणीत पट्टे पडत नाहीत; ही सोय फाइन आर्ट प्रिंट करणाऱ्यास मोलाची, अल्बमच्या कामास ऐच्छिक आहे.

मोजमापानंतर आज्ञावली जो अहवाल देते आणि त्यात डेल्टा ईचे जे समाधानकारक आकडे दाखवते, ते त्याच उपकरणाने घेतलेले असतात. मॉनिटर उपकरणाशी किती जुळला एवढेच त्यातून कळते. उपकरण स्वतः सत्याशी किती जुळते हे त्यातून कळत नाही. ती खात्री दुसऱ्या, शक्यतो स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकारच्या उपकरणाने किंवा ज्ञात प्रिंटशी तुलना करूनच होते.

प्रिंटरचा प्रश्न

प्रिंटरचे प्रोफाइल हे केवळ यंत्राचे नसते, ते प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधील गुणवत्तेची निवड या चौकडीचे असते, आणि यांपैकी एक घटक बदलला तरी ते निरुपयोगी ठरते. भारतातील छोट्या स्टुडिओंत रुळलेल्या एप्सनच्या एल ८०५ सारख्या सहा शायांच्या प्रिंटरला कंपनीच्या शाईऐवजी बाजारातील पर्यायी शाई भरली, की कागदासोबत मिळालेल्या तयार प्रोफाइलचा आधार सुटतो. कंपनीचीच शाई आणि कंपनीचाच कागद वापरणाऱ्याला मात्र तयार प्रोफाइल बहुतांश कामास पुरते. त्याला प्रिंटर मोजण्याच्या उपकरणाची निकड नाही.

स्वतःचे प्रोफाइल करण्यासाठी रंगदुरुस्ती पूर्णपणे बंद ठेवून रंगचौकटींचा तक्ता छापावा लागतो, तो वाळू द्यावा लागतो आणि मग प्रत्येक चौकट मोजावी लागते. डाय प्रकारच्या शाईचा रंग पहिल्या काही तासांत सरकत असल्याने तक्ता शक्यतो दुसऱ्या दिवशी मोजणे योग्य. कलरमंकी या नावाने आलेले आणि आता कलरचेकर स्टुडिओ म्हणून ओळखले जाणारे उपकरण आधी ५० चौकटी मोजते आणि त्यांच्या निकालावरून आणखी ५० चौकटींचा दुसरा तक्ता तयार करते. आय-वन प्रो वर्गातील उपकरणे शेकडो चौकटी ओळीने वाचतात आणि कागदातील प्रकाशवर्धक रसायनांचा परिणामही वेगळा काढू शकतात. ही रसायने अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड देतात, त्यामुळे कागद पांढराशुभ्र भासतो आणि त्यांची दखल न घेणारे प्रोफाइल करड्या छटांत पिवळेपणा आणते. मॅट कागद, कॅनव्हास, हातकागद अशा विविध पृष्ठभागांवर छापणाऱ्या आणि तीच चित्रे विकणाऱ्या व्यावसायिकालाच या वर्गातील खर्च भरून निघतो. मेळघाटातील सागाच्या कोवळ्या पालवीचा हिरवा किंवा पैठणीचा गर्द जांभळा एसआरजीबीच्या अथवा शाईच्या कक्षेबाहेर जाऊ शकतो. त्या वेळी तो रंग जवळच्या शक्य रंगावर कसा आणायचा हे प्रोफाइलमधील रूपांतरणाची पद्धत ठरवते, आणि चांगल्या प्रोफाइलचा कस तेथेच लागतो.

लॅबकडून छापून घेणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. नोरित्सू किंवा फूजी फ्रंटियर जातीची मिनीलॅब यंत्रे प्रकाशसंवेदी कागदावर लेझरने प्रतिमा उमटवतात आणि चाचणीपट्टी मोजून रोज आपली स्थिती सुधारतात. समारंभात जागेवर प्रिंट देणारे डाय-सब्लिमेशन प्रिंटर ठरावीक रिबन आणि ठरावीक कागदावर चालत असल्याने त्यांत चढउतार थोडे असतात. या दोन्ही बाबतींत छायाचित्रकाराने स्वतः प्रिंटर मोजण्याचे प्रयोजन नाही. त्याने लॅबकडून त्या कागदाचे प्रोफाइल मागावे, कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी पडद्यावर घेतलेला कागदाचा अंदाज, पाहावा, फाइल एसआरजीबीत पाठवावी आणि लॅबची आपोआप दुरुस्तीची सोय आपल्या कामापुरती बंद करून घ्यावी. फ्लेक्सच्या छपाईत रंगाचे नियंत्रण छपाई करणाऱ्याच्या आज्ञावलीकडे असते आणि पाहण्याचे अंतरही मोठे असते. तिच्यासाठी वेगळी गुंतवणूक अनावश्यक आहे.

नोंद म्हणून घेतलेली छायाचित्रे

वऱ्हाडात छायाचित्र केवळ स्मरणासाठी घेतले जात नाही, ते पुरावा म्हणूनही घेतले जाते, आणि तेथे रंगाची चूक सौंदर्याची राहत नाही. कपाशीच्या पानांवरचा लाल्या आणि सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक यांची छायाचित्रे शेतकरी कृषी तज्ज्ञांना मोबाइलवरून पाठवतात. पान किती लाल, शिरांमधला भाग किती पिवळा, यावरच निदानाचा काही भाग अवलंबून असतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर पसरली, आणि पाण्याच्या नमुन्यांच्या अभ्यासातून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठाची आवड असणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांना त्याचे कारण ठरवले. अशा घटनेत रंगाची तीव्रता दिवसागणिक कशी बदलली हे छायाचित्रांवरून सांगायचे असेल, तर चित्रचौकटीत ज्ञात रंगांचा तक्ता ठेवण्याला पर्याय नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेला २४ चौकटींचा कलरचेकर हा या कामाचा प्रमाण तक्ता असून, निव्वळ प्रकाशाचा पिवळेपणा वा निळेपणा काढण्यासाठी साधे करडे कार्डही पुरेसे होते. मॉनिटर आणि प्रिंटर यांच्या साधनांच्या तुलनेत हे सर्वांत स्वस्त आहे, आणि नोंदीच्या कामात सर्वांत निर्णायकही.

हवामान आणि खोली

उत्पादकांच्या माहितीपत्रकांत वऱ्हाडाचा उन्हाळा गृहीत धरलेला नसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर बहुतेक रंगमापकांची कार्यमर्यादा ३५ ते ४० अंशांच्या आसपास संपते. म्हणून मोजमाप सकाळी किंवा वातानुकूलित खोलीत करणे आणि उपकरण प्रवासात गाडीत न ठेवणे आवश्यक आहे. कूलरचा परिणाम याहून दुर्लक्षित आहे. वाळ्याच्या वा लाकडी तुसाच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असली तरी दमट असते, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर हवा कोरडी असतानाही कूलरच्या खोलीतील कागद ओलावा धरतो, शाई उशिरा वाळते आणि एप्रिलमध्ये केलेले प्रोफाइल जानेवारीच्या प्रिंटशी जुळत नाही. कागदाची पाकिटे बंद ठेवणे, प्रिंटर कूलरच्या थेट झोतात न ठेवणे आणि ऋतू बदलताना एक चाचणीप्रिंट काढून जुन्या प्रिंटशी ताडून पाहणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

प्रिंट ज्या उजेडात पाहिली जाते तो उजेडही मोजमापाचा भाग आहे. छपाईच्या तुलनेसाठी आयएसओ ३६६४ हे प्रमाण ५००० केल्व्हिनचा प्रकाश सांगते आणि बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स, तर सर्वसाधारण पाहणीसाठी ५०० लक्स तीव्रता ठरवते. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, याला मेटामेरिझम म्हणतात, आणि स्वस्त एलईडी पट्ट्यांखाली तो विशेष जाणवतो. तेव्हा रंगनिष्ठ दिवा, मॉनिटरमागे फिकी करडी भिंत आणि खिडकीवर जाड पडदा एवढी तयारी नसलेल्या खोलीत महागडे उपकरणही आपले काम पुरते करू शकत नाही.

निवडीचा निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा ठरतो. सर्वप्रथम खोलीतील प्रकाश आणि पडद्याची कुवत सुधारावी. त्यानंतर चालू पिढीतील एक मध्यम किमतीचा कलरिमीटर घ्यावा, कारण लग्न, बारसे, वाढदिवस, दुकानातील वस्तू आणि संकेतस्थळे अशा बहुतेक सर्व कामांत त्याचाच उपयोग होतो. नोंदीचे वा वस्तूंचे छायाचित्रण करणाऱ्याने त्याच्या जोडीला रंगतक्ता ठेवावा. आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर फक्त अशाच व्यावसायिकाने घ्यावा, जो स्वतः छापतो, कागद बदलतो आणि पर्यायी शाई वापरतो. या शेवटच्या गटातील व्यक्तींनाही ते उपकरण वर्षातून मोजकेच दिवस लागते, आणि एका कागदाचे प्रोफाइल एकदा झाले की, ऋतुबदलाच्या चाचणीप्रिंटमध्ये फरक न आढळल्यास, ते शाई व कागद बदलेपर्यंत चालते. म्हणून अकोला आणि अमरावती येथील छायाचित्रकारांच्या संघटनांनी एक चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर सामाईक खरेदी करून सभासदांना आळीपाळीने वापरास द्यावा आणि वर्षातून एकदा सर्वांचे कलरिमीटर त्याच्याशी ताडून पाहावेत. स्वतंत्रपणे न परवडणारी अचूकता अशा रीतीने प्रत्येकाच्या आवाक्यात येऊ शकते, आणि लॅबशी होणाऱ्या वादांचा निवाडाही मग नजरेऐवजी आकड्यांवर करता येतो.